कोकणातील घरावर फ्री डिश बसवताना : जागा, कोन आणि पावसाळा

दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ या सेवेला मासिक वर्गणी नाही. डिश, एलएनबी (डिशच्या पुढे दांड्यावर बसणारे, संकेत टिपणारे छोटे यंत्र), केबल आणि सेट-टॉप बॉक्स एकदा विकत घेतला की घरातील दूरचित्रवाणीची सोय होते. ही सेवा सध्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून मिळते. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ अग्निबाणाने तो सोडण्यात आला आणि आज तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या नेमका वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. दिल्लीतील तोडापूर येथील भूकेंद्रातून वाहिन्यांचे संकेत त्याच्याकडे पाठवले जातात आणि तो ते वेगळ्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) संपूर्ण देशाकडे परत पाठवतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ घेते तेवढ्याच वेळात हा उपग्रह आपली एक फेरी पूर्ण करत असल्यामुळे जमिनीवरून पाहता तो आकाशात एका जागी थांबलेला असतो, आणि तो त्या जागेवरून ढळू नये याची काळजी कर्नाटकातील हासन येथील इस्रोचे नियंत्रण केंद्र घेते.

या शेवटच्या गोष्टीतून डिश बसवणाऱ्याने एक व्यावहारिक निष्कर्ष काढावा. चित्र गेले तर उपग्रह हललेला नसतो. आपल्याकडचेच काहीतरी हललेले, गंजलेले किंवा भिजलेले असते. कोकणात उपग्रह सापडवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. सापडलेला उपग्रह चार पावसाळे टिकवून धरणे हे खरे काम, आणि ते जागा निवडण्यापासून सुरू होते.

जागा कशी निवडावी

कोकणातून जीसॅट-१५ आग्नेय दिशेला, आग्नेयेच्याही किंचित पूर्वेकडे दिसतो. उत्तरेपासून उजवीकडे अंश मोजत गेल्यास अलिबागहून तो १३० अंशांवर, चिपळूणहून साडेएकशेएकोणतीस अंशांच्या आसपास, रत्नागिरीहून साधारण १२८.५ अंशांवर आणि मालवणहून १२७ अंशांवर येतो. क्षितिजापासूनची त्याची उंची अलिबागला सुमारे ५८ अंश, रत्नागिरीला साडेएकोणसाठच्या किंचित आत आणि मालवणला ६० अंश एवढी आहे. म्हणजे संपूर्ण किनाऱ्यावर फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा आहे, आणि आपल्या गावासाठी जवळच्या मोठ्या गावाचा आकडा घेऊन सुरुवात केली तरी चालते.

पूर्वेला सह्याद्री उभा असल्यामुळे आपल्या गावात संकेत पोचणार नाही, अशी शंका डोंगरपायथ्याच्या गावांतून अनेकदा ऐकू येते. ती निराधार आहे. दोन किलोमीटरवर एक हजार मीटर उंचीचा कडा असला तरी तो क्षितिजापासून सव्वीस-सत्तावीस अंशांपर्यंतच पोचतो, आणि आपल्याला पाहायचे आहे ते त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर. अडथळा डोंगराचा नसतो, वाडीतल्या झाडांचा असतो. त्याचा हिशेब सोपा आहे : एखादा माड डिशच्या पातळीपासून पंधरा मीटर वर जात असेल, तर तो आग्नेयेला नऊ मीटरपेक्षा जवळ असतानाच आड येतो. अर्थात माडाच्या झावळ्या बुंध्यापासून चार-पाच मीटर पसरतात आणि वाऱ्याने हलतात, त्यामुळे हिशेबात तेवढी भर घालावी. फणस आणि आंबा यांच्या बाबतीत आजचा नव्हे, पाच वर्षांनंतरचा विस्तार डोळ्यांसमोर आणावा. पावसात भिजलेले पान कोरड्या पानापेक्षा संकेत कितीतरी अधिक शोषते. म्हणून मे महिन्यात झाडाआडून कसेबसे दिसणारे चित्र जूनमध्ये हमखास जाते.

आकाशाचा तो तुकडा खरोखर मोकळा आहे का, हे पाहण्याची एक पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिला कोणतेही यंत्र लागत नाही. वर्षातून दोनदा सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागून जातो. कोकणासाठी हे दिवस १२-१३ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या आसपास येतात. मार्चमध्ये सकाळी साधारण अकरा वाजून दहा मिनिटांनी, तर सप्टेंबरअखेर अकराला पाच-सात मिनिटे कमी असताना. त्या वेळी ज्या जागी ऊन पडलेले असेल त्या जागेवरून उपग्रह दिसतो, आणि जेथे झाडाची किंवा पागोळीची सावली असेल तेथून दिसत नाही. त्या दिवशी अंगणात आणि भिंतीवर खडूने खुणा करून ठेवल्या, तर डिश पुढे कधीही बसवली तरी जागेचा प्रश्न मिटलेला असतो. इतर दिवशी सूर्याची उंची जुळणार नाही, पण दिशा जुळू शकते : सूर्य १२८ अंशांवर कधी येतो ती वेळ मोबाइलवरील एखाद्या अ‍ॅपमध्ये पाहावी, त्या क्षणी टांगलेल्या ओळंब्याची सावली जमिनीवर आखून घ्यावी, आणि तीच रेघ उलट दिशेने वाढवली की उपग्रहाकडे जाणारी दिशा मिळते. होकायंत्रही चालते, कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान आहे. मात्र लोखंडी पाईप, पत्रे किंवा स्लॅबमधील सळ्या जवळ असताना मोबाइलमधील होकायंत्रावर मुळीच विश्वास ठेवू नये.

दुसरा विचार वाऱ्याचा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, आणि आपल्या डिशला पाहायचे असते आग्नेयेकडे. हा योग आपल्या फायद्याचा आहे, कारण घराच्या पूर्वेकडील किंवा दक्षिणेकडील भिंतीलगत बसवलेल्या डिशला घराचाच आडोसा मिळतो आणि समोरचे आकाशही मोकळे राहते. असे असूनही गावोगावी डिश कौलांच्या आढ्यावर किंवा पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर चढवलेली दिसते. जुन्या काळी उंच बांबूवर अँटेना लावावा लागे, कारण जमिनीवरील मनोऱ्यापासून येणाऱ्या लहरी अडथळ्यांत अडकत. ती सवय अजून गेलेली नाही. रत्नागिरीपासून जीसॅट-१५ चे तिरके अंतर सुमारे ३६,५०० किलोमीटर आहे. त्यात डिश दहा मीटर वर नेल्याने संकेत वाढत नाही, वाढतो तो फक्त वारा. ६० सेंटिमीटरच्या डिशवर ताशी शंभर किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर साधारण सतरा किलोग्रॅम वजनाइतका जोर पडतो, आणि ९० सेंटिमीटरच्या डिशवर तो चाळिसाच्या घरात जातो. हाताला पोचेल, पुसता येईल आणि वादळाआधी उतरवता येईल अशी खालची जागा नेहमीच चांगली. पागोळ्यांची धार मात्र डिशवर पडता कामा नये, आणि उपग्रह बराच वर असल्यामुळे बाहेर आलेली वळचण त्याला सहज झाकते. म्हणून भिंतीवरचा हात छपराच्या कडेच्या बाहेर येईल एवढा लांब घ्यावा किंवा डिश सरळ अंगणात स्वतंत्र खांबावर बसवावी.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, असेल तर खिळ्यासारखे ठोकून बसणारे अँकर बोल्ट टाळावेत. जांभा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असतो; वाऱ्याच्या सततच्या हेलकाव्यांनी भोक मोठे होत जाते आणि बोल्ट जागेवर दिसत असूनही ढिला झालेला असतो. भिंतीच्या आरपार जाणारा बोल्ट आणि आतल्या बाजूला रुंद लोखंडी पट्टी, हा उपाय अधिक टिकतो. अंगणातील खांबासाठी दीड-दोन फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट आणि पाईप काँक्रीटमध्ये फिरू नये म्हणून त्याच्या तळाशी आडवी वेल्ड केलेली सळई एवढे पुरेसे होते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कातळ लागल्यास खड्ड्याऐवजी कातळातच भोक पाडून सळया बसवाव्यात आणि त्यांभोवती काँक्रीटचा ठोकळा ओतावा.

खांब, कोन आणि उपग्रह शोधणे

खांब ओळंब्यात असणे ही पुढच्या सर्व कामाची पूर्वअट आहे. पाणसळ किंवा ओळंबा एका बाजूने लावून भागत नाही. काटकोनातील दोन्ही बाजूंनी तपासावे. खांब कललेला असेल तर डिश डावीकडे-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, मग दोन कोनांचा शोध एकमेकांत गुंतत राहतो आणि दुपार निघून जाते.

बाजारात मिळणारी ६० सेंटिमीटरची डिश ‘ऑफसेट’ प्रकारची असते, म्हणजे तिचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या कडेकडे असतो. त्यामुळे ती प्रत्यक्षात जितकी वर पाहत असते त्यापेक्षा बरीच उभी दिसते. हा फरक डिशच्या बनावटीप्रमाणे साधारण २२ ते २६ अंशांचा असतो. पाठीमागील पट्टीवर अंश कोरलेले असतील तर त्यात हा फरक सहसा धरलेला असतो, तेव्हा रत्नागिरीत सरळ ५९ वर खूण लावावी. अंश नसतील किंवा गंजून गेले असतील तर डिशच्या वरच्या व खालच्या कडांना टेकेल अशी सरळ पट्टी उभी धरावी आणि तिचा कल मोबाइलमधील कोनमापकाने मोजावा; ती उभ्या रेषेपासून ३३ ते ३७ अंश मागे झुकलेली असली म्हणजे आपण योग्य पट्ट्यात आहोत.

त्यानंतर एलएनबीपासून बॉक्सपर्यंत केबल जोडून, शक्य असल्यास छोटा टीव्ही डिशजवळच आणून, बॉक्सच्या मेनूमध्ये एलएनबीची कंप्रता भरावी. सर्वसाधारण युनिव्हर्सल एलएनबीसाठी ती ९७५० आणि १०६०० अशी असते. तरीही एलएनबीवर छापलेले आकडे वाचूनच भरावेत. उपग्रहांच्या यादीतून जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व निवडावा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. त्यांतील ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी एलएनबी चालू असल्याचे आणि केबल धड असल्याचे सांगते, आणि डिश भलत्याच दिशेला असतानाही ती भरलेली दिसू शकते. लक्ष ‘क्वालिटी’च्या पट्टीवर ठेवावे, कारण निवडलेला संकेत खरोखर ओळखला गेला तरच ती वर चढते.

उंची ५९ वर हलकी कसून डिश दक्षिण-आग्नेयेपासून पूर्वेकडे अगदी सावकाश फिरवावी. प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबणे आवश्यक आहे; बॉक्सला संकेत ओळखून पट्टी हलवायला तेवढा वेळ लागतो, आणि घाईने फिरवणारा माणूस उपग्रहावरून पुढे निघून जातो. पूर्ण फेरीत काही सापडले नाही तर उंची एक अंशाने वाढवून किंवा कमी करून तीच फेरी पुन्हा घ्यावी. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण तीन अंश रुंद असते, त्यामुळे अशा तीन-चार फेऱ्यांत उपग्रह सुटत नाही.

क्वालिटी दिसू लागली की थांबू नये, कारण सापडलेला उपग्रह आपलाच आहे याची खात्री अजून झालेली नसते. ९३.५ च्या दोन्ही बाजूंना दीड-दोन अंशांवर दुसरे उपग्रह आहेत. ९५ अंशांवरील एसईएस-८ वरूनही भारतातील दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण होते. वाहिन्या शोधून यादीत डीडी नॅशनल आणि डीडी सह्याद्री आल्या, त्या विनाअडथळा उघडल्या, म्हणजे खात्री झाली. सशुल्क सेवांच्या डिश वेगळ्या ठिकाणी पाहत असतात, उदाहरणार्थ टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत आणि रत्नागिरीहून ते १५० अंश दिशेला, ६७ अंश उंचीवर येतात. म्हणून शेजारच्या घरावरील डिश पाहून आपली तशीच लावण्यात अर्थ नाही, जोपर्यंत ती कोणत्या सेवेची आहे हे माहीत नसते.

आता बारीक जुळवणी. डिश डावीकडे नेत क्वालिटी कमी होऊ लागते ती जागा पाईपवर पेन्सिलने खुणावी, मग उजवीकडे नेत कमी होऊ लागते ती जागा खुणावी, आणि डिश या दोन खुणांच्या मधोमध आणावी. उंचीचेही तसेच करावे. पट्टीचा कळस नजरेने पकडण्यापेक्षा हा मध्य अधिक अचूक येतो, कारण कळसाजवळ पट्टी बराच वेळ स्थिर दिसते. त्यानंतर एलएनबी त्याच्या पकडीत थोडा-थोडा दोन्हीकडे फिरवून पाहावा. उपग्रहावरून निघणाऱ्या लहरीला उभी-आडवी अशी दिशा असते, आणि उपग्रह आपल्या रेखांशावर नसून वीस अंश पूर्वेला असल्यामुळे त्याची उभी रेषा आणि आपली उभी रेषा एक नसते. योग्य फिरवणीने क्वालिटी कधी कधी इतकी सुधारते की मोठी डिश घेण्याचा विचार बाजूला पडतो. काही डिशमध्ये एलएनबी पक्का बसवलेला असतो. तेथे हा खटाटोप संभवत नाही.

नट कसताना डोळे पट्टीवरच असावेत. चाळीस मिलिमीटर जाडीच्या पाईपवर एक अंश म्हणजे परिघावर जेमतेम ०.३५ मिलिमीटर, तेव्हा एकच नट शेवटपर्यंत आवळला तर तो डिशला सहज अंशभर ओढतो. समोरासमोरचे नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा आटा कसावेत. काम पूर्ण झाल्यावर पाईप आणि पकड यांच्यावर मिळून ऑइलपेंटची एक उभी रेघ ओढावी, आणि उंचीच्या पट्टीवरही तशीच एक. पुढे केव्हाही चित्र गेले तर रेघ तुटली आहे का एवढे पाहिले की डिश हलली की नाही याचे उत्तर मिळते.

खारा वारा आणि ओल

खाडीकाठी व समुद्राजवळच्या गावांत पहिला बळी नट-बोल्टचा जातो. साध्या चकचकीत मुलाम्याचे बोल्ट एका पावसाळ्यात तांबूस होतात, दुसऱ्यात जाम होतात, आणि मग उतरवण्यासाठी कापावे लागतात. डिशबरोबर आलेले बोल्ट बाजूला ठेवून स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, पाईप जस्त चढवलेला जीआय घ्यावा, वेल्डिंग केलेल्या जागी जस्त जळालेले असते म्हणून तेथे प्राइमर व रंग द्यावा, आणि आट्यांना ग्रीस लावूनच नट चढवावेत. डिश पुन्हा रंगवायची झाल्यास रंग चकाकी नसलेला घ्यावा. चकचकीत रंग सूर्याची उष्णताही एलएनबीवर एकवटतो, आणि मार्च-सप्टेंबरच्या त्या दिवसांत एलएनबीचे प्लॅस्टिक तापून खराब होऊ शकते.

खरे नुकसान मात्र केबलच्या टोकाशी होते. तेथून शिरलेले पाणी केबलच्या जाळीतून आत ओढले जाते, तांबे काळे-हिरवे पडते, आणि तक्रार येते ती ‘पावसात चित्र जाते’ अशी, जरी दोष पावसाच्या सरींचा नसून मागच्या पावसाने सोडलेल्या ओलीचा असतो. म्हणून आरजी-६ केबल चांगल्या प्रतीची घ्यावी, ती डिशपासून बॉक्सपर्यंत सलग असावी, मध्ये जोड नसावा आणि लांबी शक्यतो तीस मीटरच्या आत ठेवावी. केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर हाताने पूर्ण कसून त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. साधी इन्सुलेशन टेप उन्हाने सुटते. एलएनबीपासून निघालेली केबल सरळ भिंतीत नेऊ नये. भिंतीपाशी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडते आणि घरात येत नाही.

एलएनबीला प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती चुकीची आहे, कारण पिशवीच्या आत दमट हवेचे पाणी होते आणि एलएनबीच्या तोंडापुढे पाण्याचा पातळ पडदा कायमचा राहतो. आडोसा करायचाच असेल तर प्लॅस्टिकची बाटली उभी कापून वरून पन्हाळीसारखी बसवावी आणि तोंड पूर्ण मोकळे ठेवावे. दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा मे महिन्यात डिश गोड्या पाण्याने धुवावी, शेवाळ फडक्याने काढावे, टेप व आटे पाहावेत.

मुसळधार पाऊस आणि मोठी डिश

सर्व काही नीट बसवले तरी जुलैतील जोरदार सरीत चित्र काही मिनिटे जाणारच. जीसॅट-१५ वरील ही सेवा ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या केयू पट्ट्यात चालते, तिची लहर जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर लांबीची असते, आणि मोठ्या थेंबांचा दाट पाऊस तिला शोषतो व विखुरतो. आपल्याकडे पावसाचे थेंब सुमारे पाच किलोमीटर उंचीपासून खाली असतात. उपग्रह साठ अंशांवर असल्यामुळे संकेताला या पावसातून सहाएक किलोमीटरच जावे लागते; तो क्षितिजाजवळ असता तर हे अंतर कित्येक पटींनी वाढले असते, तेव्हा त्या बाबतीत कोकण सुदैवी आहे. डिजिटल संकेताचा स्वभाव असा की तो मर्यादेच्या वर असेपर्यंत चित्र निर्दोष राहते आणि मर्यादेखाली जाताच चौकोन पडून गोठते. आपल्याला मिळवायचे असते ते या मर्यादेच्या वरचे अंतर.

६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि संकेतात सुमारे साडेतीन डेसिबलची वाढ मिळते. रत्नागिरी, सिंधुदुर्गात, विशेषतः आंबोलीसारख्या घाटमाथ्याजवळ, ही वाढ चित्र जाण्याचा काळ लक्षणीय कमी करते. पण मोठ्या डिशची नजर अधिक अरुंद, दोन अंशांच्या आसपास, असल्यामुळे खांब तेवढाच अधिक भक्कम लागतो. जो माणूस डुलणाऱ्या खांबावर ९० सेंटिमीटरची डिश चढवतो त्याचे पैसे वाया जातात. आधी जुळवणी आणि कनेक्टर तपासावेत, मगच डिश बदलावी.

सूर्य उपग्रहामागे येण्याच्या ज्या दिवसांचा वर उल्लेख केला, त्या दिवसांत त्याच वेळी चित्र काही मिनिटे खराब होते, कारण सूर्याचा स्वतःचा रेडिओ-गोंगाट उपग्रहाच्या संकेताला झाकून टाकतो. निरभ्र आकाशातही हे घडते आणि चार-सहा दिवसांत आपोआप थांबते. त्या वेळी नटांना हात लावू नये.

वीज आणि वादळ

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात, तेव्हा ढग गडगडू लागताच बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावे. नुसता प्लग काढल्याने केबलमधून येणारा झटका थांबत नाही. गडगडाट सुरू झाल्यावर डिशजवळ जाऊ नये. लोखंडी खांबाला जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग द्यावे, मात्र कातळ सड्यावर चांगले अर्थिंग मिळणे कठीण असल्यामुळे हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

चक्रीवादळाचा इशारा आल्यास डिश उतरवणे शहाणपणाचे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. अशा वाऱ्यात सुटलेली डिश शेजाऱ्याच्या कौलांवर किंवा विजेच्या तारांवर जाऊन पडते. रंगाची रेघ ओढलेली असेल तर उंचीच्या नटांना हात न लावता फक्त पाईपवरची पकड सैल करून डिश एलएनबीसकट उचलून घ्यावी, केबलच्या उघड्या टोकाला पिशवी घट्ट बांधावी, आणि वादळ गेल्यावर खांब अजून ओळंब्यात आहे हे पाहून रेघेला रेघ जुळवून ती परत बसवावी.

क्वालिटी चांगली आहे, खुणांच्या रेघा जुळलेल्या आहेत, आणि तरीही एखादीच वाहिनी दिसेनाशी झाली असेल, तर ती बहुधा दुसऱ्या कंप्रतेवर हलवलेली किंवा सेवेतून काढलेली असते. फ्री डिशवरील खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि त्या बदलत राहतात. अशा वेळी बॉक्सच्या मेनूमधून वाहिन्यांचा नव्याने शोध घ्यावा.